मदत हवी आहे : पुराच्या बोटीचं इंजिन आठ महिने कसं ठेवावं?

नमस्कार मंडळी. आमच्या कोल्हापूरजवळच्या चिखलीतल्या मंडळाकडं पुरासाठी रबरी बोट आणि २५ एचपीचं टू-स्ट्रोक ओबीएम (आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन) आहे. पंचगंगा उतरली, आता पुढच्या पावसाळ्यापर्यंत काम नाही. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलाय, त्यामुळं ऐनवेळी दोरी ओढून इंजिन सुरू झालंच पाहिजे, त्यात तडजोड नाही.

आतापर्यंत केलेलं सांगतो. गोड्या पाण्याच्या पिंपात चालवून गाळ धुतला, मग पेट्रोलची नळी काढून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं, म्हणजे कार्बोरेटर रिकामा झाला. काल गिअर ऑइल काढायला खालचा स्क्रू सोडला तर दुधाच्या चहासारखं तेल आलं. पाणी शिरलंय हे नक्की. नुसते स्क्रूचे वॉशर बदलून भागेल, की प्रोपेलर शाफ्टचं (पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याचं) सीलच गेलं असेल? प्रेशर टेस्ट करून सील बसवणारा जाणता मिस्त्री उद्यमनगरात कुणाला माहीत आहे का?

दुसरं, स्पार्क प्लगच्या भोकातून फॉगिंग ऑइलऐवजी (इंजिन ठेवून देताना आतून गंज धरू नये म्हणून मारायचं तेल) साधं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) सोडलं तर आठ महिने गंज धरणार नाही ना? इंजिन स्टँडवर उभंच ठेवलंय. अनुभव असणाऱ्यांनी कृपया सांगा.