घरच्या पिझ्झ्याचा तळ गिच्च राहतो आणि कडा कडक होतात, मदत हवी आहे

नमस्कार.

गेले दोन महिने दर शनिवारी पिझ्झा बाहेरून न मागवता घरीच करण्याचा नेम आम्ही पाळत आहोत, परंतु सलग आठ शनिवार एकच दोष कायम राहिला आहे. कडा टोस्टसारख्या कडक होतात, वरचे चीज तपकिरी होते आणि मधला तळ मात्र पांढराफटक व गिच्च राहतो. तुकडा उचलला की त्याचे टोक खाली लोंबते आणि सॉससकट सारे ताटलीत घसरते.

बाहेरचा पिझ्झा बंद करण्यामागे खर्च हे एक कारण आहेच, पण खरे कारण सासूबाईंचे आहे. रक्तदाबामुळे त्यांना मीठ जपून खावे लागते, आणि बाहेरच्या पिझ्झ्यात पीठ, सॉस व चीज या तिन्हींतल्या मिठावर आपले नियंत्रण नसते. मुले पिझ्झा खात असताना त्यांनी शेजारी बसून एकटीनेच भाकरी खावी, हे मला मनापासून नको वाटते. परंतु माझ्या पिझ्झ्याच्या कडा त्यांच्या दातांना चावत नाहीत आणि मधला कच्चा भाग पोटाला बाधेल अशी भीती वाटते, त्यामुळे ज्यांच्यासाठी हा खटाटोप मांडला त्यांच्याच ताटलीत निम्मा तुकडा उरतो.

माझी कृती सविस्तर लिहिते, म्हणजे चूक शोधणे सोपे जाईल. 300 ग्रॅम मैदा, 180 मिलिलिटर पाणी, 3 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 4 ग्रॅम मीठ आणि एक चमचा तेल घेऊन पीठ दहा मिनिटे चांगले तिंबते व ओल्या पंचाखाली झाकून ठेवते. आमच्याकडे सांगलीत सध्याच्या उन्हाळ्यात ते तासाभरातच दुप्पट फुगते. त्याचे दोन गोळे करून लाटण्याने लाटते आणि ओव्हनबरोबर मिळालेल्या पातळ ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये ठेवते. सॉससाठी टोमॅटो उकडून, सोलून मिक्सरमधून काढते व लसणीच्या फोडणीत पाच मिनिटे शिजवते. त्यावर कच्चा कांदा, सिमला मिरची, मशरूम आणि पाण्यात बुडवून विकतात ते ताजे मोझरेला घालते. ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) 28 लिटरचा असून त्याचे कमाल तापमान 250 अंश सेल्सिअस आहे. तो दहा मिनिटे तापवून, वरचा व खालचा असे दोन्ही रॉड चालू ठेवून, मधल्या खणात पिझ्झा पंधरा मिनिटे भाजते.

इटलीतल्या नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत 430 ते 480 अंशांवर पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत तयार होतो, हे मला ठाऊक आहे. घरच्या ओव्हनमध्ये तेवढी उष्णता मिळणार नाही, म्हणून वेळ वाढवावा लागतो, आणि वेळ वाढवला की तळ भाजला जाण्याआधीच कडांतले पाणी उडून जाते, इतपत मला उमगले आहे. मग 250 अंशांतच खालून जोराची धग द्यायची तर काय करावे? माझ्याकडे पिझ्झा स्टोन (ओव्हनमध्ये तापवून त्यावर पिझ्झा भाजायची जाड फरशी) नाही, पण आजेसासूबाईंच्या काळातला दोन कानांचा बिडाचा तवा आहे. तो ओव्हनमध्ये उपडा ठेवून चालेल का? लाटण्याऐवजी हाताने थापावे का? चीज आणि सॉस यांतले पाणी कमी करण्याचा भरवशाचा उपाय कोणता? अनुभवी मंडळींनी कृपया स्वतः करून पाहिलेलेच सांगावे, ही विनंती.

रविवारची भर:

उत्तरे देणाऱ्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुचवल्याप्रमाणे काल बिडाचा तवा खालच्या खणात उपडा ठेवून ओव्हन पूर्ण 45 मिनिटे तापवला. टोमॅटोचा गर गाळणीत तासभर निथळत ठेवला, तर जवळजवळ वाटीभर पाणी निघाले, आणि तेच पाणी आठ शनिवार मी पिझ्झ्यावर ओतत होते. चीजही ठोकळ्याच्या रूपात मिळणारे, कमी ओलाव्याचे आणले आणि मशरूम आधी कोरडे परतून घेतले. पीठ लाटण्याऐवजी बोटांनी मधून बाहेर थापत नेले, कडेची बोटभर जागा न दाबता तशीच ठेवली. पोळपाटावर जाडा रवा भुरभुरवून त्यावर पिझ्झा रचला आणि एका झटक्यात तव्यावर सरकवला.

नऊ मिनिटांत पिझ्झा झाला. कालथ्याने उचलून पाहिले, तर तळाला भाकरीसारखे खरपूस डाग पडले होते आणि कडा फुगून आतून जाळीदार, मऊ झाली होती. सासूबाईंनी दोन तुकडे कडेसकट खाल्ले.

दुसरा पिझ्झा मात्र पुन्हा फिका निघाला. पहिला बाहेर काढताच तो लगेच आत सरकवला होता, त्यामुळे तव्याची धग कमी झाली असावी असे वाटते. शिवाय पहिला भाजेपर्यंत तो सॉससकट पोळपाटावर पडून होता, म्हणून रव्याला चिकटला आणि सरकवताना एका बाजूने फाटला.

आता दोनच शंका उरल्या आहेत. दोन पिझ्झ्यांच्या मध्ये तवा किती मिनिटे पुन्हा तापू द्यावा? आणि पीठ शुक्रवारी रात्री भिजवून फ्रीजमध्ये 24 तास ठेवायचे असेल, तर आमच्याकडच्या उन्हाळ्यात 300 ग्रॅम मैद्याला यीस्ट किती घ्यावे, म्हणजे ते आंबूस होणार नाही? येत्या शनिवारी पाहुणे धरून चार पिझ्झे करायचे आहेत, त्यामुळे गुरुवारपर्यंत उत्तर मिळाले तर फार उपकार होतील.