सरळ बसून चालवायची मध्यम मोटरसायकल: तुमच्या अंगाला काय मानवलं?

पंचेचाळिशीत कमरेतली चकती सरकली आणि सहा महिने गाडीला हात लावता आला नाही. आता बरा आहे. डॉक्टरांनी चालवायला परवानगी दिली आहे, पण पुढे वाकायचं नाही या अटीवर. जुनी गाडी विकून टाकली. आता ३५० ते ६५० सीसीमधली, ताठ बसता येईल अशी गाडी शोधतोय. आकडे सगळे तोंडपाठ झालेत: रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० ची सीट ८०५ मिलिमीटर उंच, मीटिअरची ७६५, हिमालयन ४५० ची ८२५ किंवा ८४५, होंडाच्या सीबी३५० ची ८००. पण तिसऱ्या तासाला कुठे दुखायला लागतं, हे एकाही कागदावर छापलेलं नाही.

म्हणून तुम्हाला विचारतोय. निदान वर्षभर वापरलेल्या गाडीबद्दल लिहा. आधी स्वतःची उंची सांगा, मग काय दुखलं आणि त्यावर काय केलं ते. नुसतं 'हीच घ्या' नको, कारणही हवं. मी ५ फूट ८ इंच. बहुतेक एकटाच फिरतो, महिन्यातून एकदा बायको सोबत असते.

५ फूट १० इंच, रोज साठ किलोमीटर

सीटची उंची हा एकटा आकडा घेऊन बसू नका. सीट, हँडल आणि फूटपेग (पाय ठेवायचे दांडे) या तीन बिंदूंचा त्रिकोण तुमच्या अंगाला बसतो की नाही ते बघा. मी कोणतीही गाडी बघायला गेलो की ती डबलस्टँडवर घ्यायला सांगतो, किंवा कुणाला तरी धरायला लावतो. पाय पेगवर ठेवायचे, डोळे मिटायचे, खांदे सैल सोडायचे आणि हात जिथे आपसूक येतील तिथे धरायचे. मग डोळे उघडून बघायचं, हँडल हातापासून किती लांब आहे. माझ्या आधीच्या गाडीवर ते चांगलं चार बोटं पुढे होतं. तीन वर्षं मी ती चार बोटं रोज खांद्यांनी ओढत होतो आणि मानेला दोष देत होतो.

आणखी एक करून बघा. त्याच स्थितीत दोन्ही हात हँडलवरून हलकेच उचला. धड आहे तिथे राहिलं तर उत्तम. पुढे कलंडलं तर समजा की तेवढा भार मनगटांवर होता.

५ फूट २ इंच, सात वर्षं चालवतेय

मला हा धागा फार आधी हवा होता. सीट उंच वाटली म्हणून मी पहिल्याच महिन्यात मागच्या शॉकअबची लिंक बदलून गाडी खाली घेतली. दोन्ही टाचा टेकल्या तेव्हा किती आनंद झाला होता! पण गाडी खाली आली तरी साइडस्टँडची लांबी तेवढीच राहिली, हे मलाही सुचलं नाही आणि काम करणाऱ्यानेही सांगितलं नाही. गाडी स्टँडवर जवळजवळ उभीच राहायची. एका दुपारी वाऱ्याचा झोत आला आणि माझ्या डोळ्यांदेखत ती उजव्या अंगावर पडली. ब्रेकची लिव्हर तुटली, टाकीला पोचा आला. शिवाय प्रत्येक गतिरोधकाला इंजिनाखालचं पान घासायचं ते वेगळंच.

सगळं पूर्ववत करून घेतलं आणि उंच सीटवर चालवायला नव्याने शिकले. थांबताना आधीच कोणता पाय टेकायचा ते ठरवते, सीटवर किंचित त्या बाजूला सरकते आणि एकच पाय पूर्ण टेकवते. दुसरा पेगवर, आणि तो उजवा असेल तर मागच्या ब्रेकवर. दोन्ही चवडे कसेबसे टेकवण्यापेक्षा हे कितीतरी भक्कम.

ताई-मैत्रिणींनो, अजून एक गोष्ट. सीट टाकीकडे किती निमुळती होते ते हाताने चाचपून बघा. ८०० मिलिमीटरची रुंद सीट मांड्या फाकवते आणि पाय आखूड पडतात. ८२५ ची निमुळती सीट कधीकधी जास्त सोपी जाते. आणि बंद गाडी हाताने ढकलून मागे घेऊन बघितल्याशिवाय पसंत करू नका. मीटिअर १९१ किलोची, सीबी३५० हायनेस १८१ ची. हा दहा किलोंचा फरक चालवताना कळत नाही, चढाला तोंड करून लावलेली गाडी काढताना कळतो.

५ फूट ९ इंच, माझीही चकती सरकलेली

दादा, तुमच्यासाठीच लिहितोय. ताठ बसणं म्हणजे कमरेला आराम, असं मीही धरून चाललो होतो. ते अर्धंच खरं आहे. पुढे थोडं झुकून बसलं की खड्ड्याचा दणका हात, पाय आणि कंबर वाटून घेतात. पूर्ण ताठ बसलं की तो माकडहाडातून थेट मणक्यात चढतो. म्हणून मागचा शॉकअब हा हँडलइतकाच महत्त्वाचा.

त्याहून मोठी चूक म्हणजे मी पाय पुढे सोडून बसायची क्रूझर घेतली. शोरूममध्ये ती आरामखुर्ची वाटली. पण पाय पुढे गेले की खड्डा आला तरी पेगवर भार देऊन बूड उचलता येत नाही, सगळा मार बसल्या जागी खावा लागतो. आठ महिन्यांत विकली. आता पेग जवळजवळ सीटच्या खाली आहेत. रस्ता खराब दिसला की गुडघे किंचित वाकवून मी उभा राहतो आणि कंबर सुटते. ट्रायलला जाल तेव्हा चालत्या गाडीवर एकदा उभे राहून बघा. हँडल ओढल्याशिवाय उभं राहता आलं पाहिजे.

आणि सॅग, म्हणजे वर बसल्यावर गाडी किती दबते ते, मोजाच. मागच्या मडगार्डवर चिकटपट्टीची खूण करा. गाडी डबलस्टँडवर, मागचं चाक अधांतरी असताना चाकाच्या एक्सलपासून त्या खुणेपर्यंत टेप लावा. मग गाडी खाली घ्या, हेल्मेट-जॅकेट घालून वर बसा आणि दुसऱ्याकडून पुन्हा मोजून घ्या. मागचं चाक एकूण जितकं वरखाली होऊ शकतं, त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका फरक असावा. माझा जेमतेम सहावा हिस्सा भरला. म्हणजे प्रीलोड (शॉकअबच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) माझ्या वजनाला फारच कडक होता. दोन घरं सैल केला. त्या रविवारी घरी आल्यावर आडवं व्हावं लागलं नाही, हे बायकोच्या आधी लक्षात आलं.

६ फूट १ इंच, लांब पल्ल्याचा

वाऱ्याबद्दल कुणी लिहिलं नाही. ताठ बसलं की छाती शिडासारखी उभी राहते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ८० वरून ११० वर गेलात तर छातीवरचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. दोन तास हँडलला लोंबकळत राहिल्यासारखं होतं.

म्हणून मी उंच विंडशील्ड लावली आणि डोकेदुखी विकत घेतली. छातीवरचा वारा थांबला, पण काचेच्या काठावरून सुटलेला भोवरा थेट हेल्मेटवर आदळायला लागला. डोकं डब्यातल्या खड्यासारखं हलायचं. एकदा चालता चालता पेगवर उभा राहिलो आणि आवाज एकदम थांबला, नितळ वारा लागला. तेव्हा कळलं की काच वाईट नव्हती, तिचा काठ माझ्या हनुवटीच्या पातळीत येत होता. ती काढून बुटकी काच लावली. आता वारा खांद्यावर येतो, पण सरळ येतो. आता माझ्याकडे व्हर्सिस ६५० आहे. तिची काच नॉब सैल करून हातानेच वरखाली होते. उंच माणसाला ही सोय फार मोलाची.

५ फूट ७ इंच

थोडक्यात लिहितो. ३५० च्या सिंगल सिलिंडरवर ऐंशीपर्यंत मी अतिशय सुखी होतो. नव्या ३५० ना बॅलन्सर शाफ्ट असतो, थरथर पूर्वीसारखी नाही. पण माझे रस्ते मोठे आणि वेग शंभरच्या आसपासचा. तासाभराने उजव्या हाताच्या करंगळीला मुंग्या यायच्या. होंडाच्या ४७१ सीसी, दोन सिलिंडरच्या गाडीवर गेलो (२०१३ ला सीबी५००एक्स म्हणून आली, आता एनएक्स५०० म्हणतात) आणि मुंग्या थांबल्या. आधी स्वतःचा नेहमीचा वेग ठरवा, मग इंजिन बघा.

५ फूट ११ इंच, स्वतः पाना फिरवणारा

हँडल जवळ आणायला रायझर (हँडलखाली बसवायचे ठोकळे) लावणाऱ्यांनी कृपया हे वाचा. मी तीस मिलिमीटरचे लावले. उभ्या गाडीवर सगळं छान दिसलं. पुढच्याच वळशाला, यू-टर्न घेताना हँडल पूर्ण वळवलं आणि क्लचची वायर ताणून तिने क्लच आपोआप दाबला. ऐन वळणात ओढ गेली आणि मी गाडीसकट आडवा. गुडघा सुजला, बाकी निभावलं. रायझर बसवल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आरपीएम चढला किंवा एखादी वायर, ब्रेकची नळी ताठ झाली, तर लांब वायर घातल्याशिवाय गाडी हलवू नका.

खरं सांगायचं तर मनगटाला रायझरने दिला नाही तेवढा आराम एका फुकटच्या कामाने दिला. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचा क्लॅम्प सैल करून लिव्हर थोडी खाली फिरवली. बोटं लिव्हरवर ठेवली की कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेष यायला हवी. कंपनीतून येते ती लिव्हर कुणा दुसऱ्याच्या हाताला लावलेली असते.

५ फूट ५ इंच, बहुतेक वेळा डबलसीट

मऊ सीटवर भाळू नका. शोरूममध्ये अंगठा रुततो ती सीट दीड तासात खाली बसते आणि हाडांना पत्रा लागायला लागतो. मी घट्ट फोम भरून घेतला. पहिला आठवडा दगडावर बसल्यासारखं वाटलं, नंतर विसरूनच गेले. मागे बसणाऱ्याचे पेग किती वर आहेत तेही बघा. नवरा मागे बसला की त्याचे गुडघे माझ्या कोपरांना लागायचे.

धागा काढणारा, ५ फूट ८ इंच

सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरा अनुभव तर मी पाठीच्या डॉक्टरांनाही वाचून दाखवला.

वीस मिनिटांच्या ट्रायलमध्ये मला सगळ्याच गाड्या आवडत होत्या, म्हणून यावेळी गाडी अख्ख्या दिवसासाठी भाड्याने घेतली. क्रूझर यादीतून गेली. हिमालयनवर उभं राहणं फार सहज जमलं, पण सीट टाकीकडे उतरती वाटली, मी सारखा पुढे घसरत होतो. सीबी३५० वर डोळे मिटून हात पुढे केले तर हँडल अगदी हातात आलं. अडीच तासांनी कंबर शांत होती, फक्त मागचा शॉकअब कडक वाटला. टेप आणि चिकटपट्टी खिशात होतीच. प्रीलोड दोन घरं सैल केला आणि परतीच्या रस्त्यावर तेच खड्डे वेगळे लागले.

एकच बघायचं राहिलंय. रविवारी तीच गाडी पुन्हा दिवसभरासाठी घेतोय. यावेळी बायको मागे बसणार आहे, आणि कधी थांबायचं हे तीच सांगणार आहे.