मदत हवी आहे : लिव्हरेज कमी केल्यावर सौदा आधीच तुटतो, मग ते सुरक्षित कसं?

नमस्कार मंडळी,

सध्या इंग्लंडात रेडिंगला असतो. हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो, म्हणून फॉरेक्सचं (परकीय चलनाच्या खरेदी-विक्रीचं) डेमो खातं उघडून बसलोय. पैसे खोटे, डोकेदुखी खरी.

खात्यात १,००० पौंड, जोडी पौंड-डॉलर. इथे किरकोळ ग्राहकाला प्रमुख जोड्यांवर जास्तीत जास्त ३० पट लिव्हरेज मिळतं, म्हणजे आपल्या पैशाच्या ३० पट मोठा सौदा करता येतो. १०,००० पौंडांचा एक मिनी लॉट घेतला, ३३३ पौंड मार्जिन (सौद्यासाठी ब्रोकरकडची अनामत) अडकलं. भाव १.२५ धरला तर एका पिपला (भावातल्या ०.०००१ च्या बदलाला) १ डॉलर, म्हणजे ८० पेन्स. इथवर समजलं.

इक्विटी (चालू नफा-तोटा धरून खात्यातली रक्कम) अडकलेल्या मार्जिनच्या निम्म्यावर आली की ब्रोकरला सौदा तोडावाच लागतो. म्हणजे १६७ पौंड उरेपर्यंत, ८३३ बुडेपर्यंत, माझा सौदा जिवंत. ८३३ भागिले ०.८०, साधारण १,०४० पिप.

मग शहाणपणा सुचला आणि कागदावर लिव्हरेज १० पट धरलं. तोच लॉट, पिपला तेच ८० पेन्स, पण आता सगळे १,००० अडकले आणि ५०० बुडताच सौदा तुटतो! याला सुरक्षित का म्हणतात? कुठे चुकतोय?

प्रतिसाद १ : गणित जवळपास बरोबर, प्रश्न उलटा. ३० किंवा १० ही ब्रोकरने दिलेली मुभा. तू वापरलंस किती? १०,००० भागिले १,०००, दोन्ही वेळा १० पटच. मार्जिन म्हणजे भाड्याच्या घराचं डिपॉझिट. ते कमी घेतलं म्हणून भाडं बदलत नाही. इथलं भाडं, म्हणजे पिपमागचा नफा-तोटा, लॉटवर ठरतं. दुसऱ्या हिशेबात निदान ५०० तरी हातात राहिले, पहिल्यात १६७. (तसा तो दुसरा सौदा उघडलाच नसता, स्प्रेडनेच, म्हणजे खरेदी-विक्रीच्या भावांतल्या फरकानेच, इक्विटी मार्जिनखाली गेली असती.)

लॉट नुकसानीकडून काढ. एका सौद्यात १ टक्का, म्हणजे १० पौंड घालवायची तयारी आणि स्टॉप लॉस (तोटा तिथे पोचला की सौदा आपोआप बंद) ५० पिपांवर, तर पिपला २० पेन्स परवडतात. म्हणजे २,५०० पौंडांचा सौदा, मार्जिन ८३. माझ्या मते मार्जिनचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा.

प्रतिसाद २ : १,०४० नाही, सुमारे ९६०. पिप डॉलरमध्ये, खातं पौंडात. पौंड पडत गेला की तोच १ डॉलर पौंडात महाग होतो. १.१५४ च्या आसपास पिपला ८७ पेन्स होतात.

धागाकर्ता : अरे हो, ८० पेन्स कायमचे धरून बसलो होतो! दोघांचेही आभार. जाता जाता, नागपूरच्या चुलतभावाला एक अ‍ॅप ५०० पट देतंय म्हणे. डॉलरमध्ये पैसे भरायचे. चालतं का?

प्रतिसाद १ : नाही. भारतात राहणाऱ्याला एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) परदेशी ब्रोकरकडे मार्जिन पाठवता येत नाही, फेमाचा (परकीय चलन कायद्याचा) भंग होतो. रिझर्व्ह बँकेच्या अलर्ट लिस्टमध्ये त्या अ‍ॅपचं नाव शोधायला सांग. पण यादीत नाही म्हणून अधिकृत, असंही समजू नये. एनएसईवर डॉलर-रुपयाचं १,००० डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट आहे, पण मे २०२४ पासून त्यालाही परकीय चलनाची खरी देणी-घेणी असावी लागतात.