निवडून आलेल्या स्त्रीला मुदत संपण्याआधी न्याय मिळू शकतो का?

प्रश्न

माझी एक मैत्रीण स्थानिक संस्थेवर निवडून आली आहे. एका बांधकामाच्या मंजुरीची चौकशी तिने मागितली आणि तेव्हापासून तिच्याविरुद्ध मोहीमच सुरू झाली. तिचा चेहरा जोडलेली खोटी, अश्लील छायाचित्रे व्हॉट्सॲपवर फिरली. सभेत ती बोलायला उभी राहिली की चारित्र्यावर शेरे मारले जाऊ लागले. पुढे तिच्या मुलीच्या शाळेचे नाव घालून धमकीचा संदेश आला. तक्रार द्यायला गेल्यावर "राजकारणात आलात, आता एवढे सोसायलाच हवे" असे ऐकवून तिला परत पाठवले गेले, तर पक्षातील ज्येष्ठांनी प्रकरण आपसात मिटवण्याचा सल्ला दिला. ती आता राजीनाम्याचा विचार करत आहे. टीका आणि हिंसा यांतली सीमारेषा कायद्याने कशी आखावी? आणि न्याय वेळेत मिळावा, अशी तरतूद कुठे झाली आहे का?

प्रतिसाद १

जगभरातील संसदांची संघटना असलेल्या आंतरसंसदीय संघाने २०१६ मध्ये ३९ देशांतील ५५ महिला खासदारांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणींनी मानसिक हिंसा भोगल्याचे सांगितले, आणि खून, बलात्कार, मारहाण किंवा अपहरणाच्या धमक्या आलेल्यांचे प्रमाण ४४ टक्क्यांच्या वर होते. नमुना लहान आहे, हे खरे. परंतु खासदारांची ही स्थिती असेल, तर अंगरक्षक नाही, वकील नाही, अशा स्थानिक सदस्येचे काय होत असेल?

तरतुदीबद्दल विचारलेत, म्हणून दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियाचे उदाहरण सविस्तर देतो. तेथे हुआना किस्पे या नगरसेविकेवर राजीनाम्यासाठी दीर्घकाळ दबाव आणला गेला आणि मार्च २०१२ मध्ये तिचा खून झाला. महिला लोकप्रतिनिधींच्या संघटना कित्येक वर्षे ज्याची मागणी करत होत्या, तो राजकीय छळ व हिंसाविरोधी कायदा त्यानंतर त्याच वर्षी मे महिन्यात संमत झाला. त्यातील दोन कलमे मला विशेष महत्त्वाची वाटतात. एक म्हणजे, या गुन्ह्यांत आपसात समेट करण्यास मनाई आहे. दुसरे म्हणजे, पद सोडू पाहणाऱ्या स्त्रीने राजीनामा प्रथम निवडणूक यंत्रणेपुढे स्वतः हजर राहून सादर करायचा असतो, म्हणजे कोणी बळजबरीने सही घेतलेला कागद परस्पर पुढे सरकवू शकत नाही. ज्याने हे कलम लिहिले, त्याला या छळाचा हेतू नेमका कळला होता.

प्रतिसाद २

कायदा झाला म्हणजे न्याय मिळाला, असे मात्र समजू नये. ब्राझीलमधील रिओ दी जानेरोच्या नगरसेविका मारिएल फ्रँको यांची मार्च २०१८ मध्ये हत्या झाली आणि गोळ्या झाडणाऱ्याला आणि त्याची गाडी चालवणाऱ्याला शिक्षा झाली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. खुनाच्या खटल्याला इतका काळ लागत असेल, तर धमकीची तक्रार पदाच्या मुदतीत निकाली निघण्याची आशा कशी धरावी? म्हणूनच अंतिम निकालाइतकेच तातडीचे संरक्षण, मजकूर हटवण्याचा आदेश आणि सभेच्या अध्यक्षांवर कारवाईचे बंधन यांवर भर हवा, असे माझे ठाम मत आहे.

सीमारेषेबाबत मी सावध आहे. तिने घेतलेल्या निर्णयांवर, मतदानावर, खर्चावर कितीही कठोर टीका होऊ द्यावी. तिला संरक्षण देण्याच्या नावाखाली उद्या एखादी सत्ताधारी स्त्रीच टीकाकारांचे तोंड बंद करू शकेल. पण मजकुरातून तिचा निर्णय वगळून केवळ तिचे शरीर, तिचे घर आणि तिची मुले उरत असतील, तर ती टीका राहत नाही.

प्रतिसाद ३

मी अशा तक्रारी लिहून देण्याचे काम करते, त्यामुळे कामाचे तेवढे सांगते. केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नये. मूळ संदेश, पाठवणाऱ्याचा क्रमांक, दुवा, दिनांक आणि वेळ जपावी, आणि संदेश ज्या फोनवर आला तो बदलू किंवा पुसू नये. प्रत्येक घटनेची वेगळी तक्रार देण्यापेक्षा सर्व घटना क्रमाने मांडलेली एकच लेखी तक्रार द्यावी, कारण सुटा शेरा किरकोळ वाटतो, पण चौकशीच्या मागणीनंतर लागलेली रांग पाहिली की हेतू दिसतो. तोंडी नकार स्वीकारू नये. पोच मागावी, ती न दिल्यास तीच तक्रार वरिष्ठांकडे स्पीड पोस्टाने पाठवावी. सभेतील शेरे इतिवृत्तात नोंदवून घेण्याची मागणीही त्याच सभेत करावी. इतिवृत्त मंजूर झाल्यानंतर ते फार अवघड जाते. मुलीच्या शाळेला मात्र आजच कळवा, त्यासाठी तक्रार नोंदली जाण्याची वाट पाहू नका.