सात महिने भरले की गेटपास जमा, आणि इकडे दुकानात उधारी

चाकणचा_फिटर
मी आयटीआय फिटर. चाकणला तीन कंपन्या केल्या, तिन्हीकडे ठेकेदाराकडून. दरवेळी सात महिने झाले की गेटपास काढून घेतात. वर्षात २४० दिवस भरले तर माणूस कायम होण्याचा हक्क मागेल, म्हणून आधीच ब्रेक. माझ्या जागी बाहेरच्या राज्यातला मुलगा येतो, बारा तास उभा राहतो. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के स्थानिक घ्यावेत असा २००८ चा शासन निर्णय आहे. तो पाळला जातो का, हे बघायला कोणी आलेलं मी तरी पाहिलं नाही.
पप्पांचं किराणा दुकान आहे. दिवाळीला बायका फराळाच्या सामानाची यादी घेऊन यायच्या. यंदा पोह्यांचं अर्धं पोतं तसंच राहिलं. उधारीची वही मात्र जाड झाली, कारण रोखीची खरेदी ॲपवर आणि उधारीला आमचं दुकान. सरकारने आमच्यासारख्यांना वाऱ्यावर सोडलंय.

स्मिता
दादा, मी ठेकेदारांचे हजेरीपट आणि पीएफचं काम बघते. बाहेरच्या राज्यातला तो मुलगाही सात महिन्यांसाठीच असतो. एका खोलीत आठ जण, दिवसपाळीवाला उठला की त्याच गादीवर रातपाळीवाला झोपतो. खोली ठेकेदाराची, त्यामुळे तक्रार केली की काम आणि छप्पर दोन्ही जातं. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट, हातात येतो एकपट. तो मुकाट राहतो म्हणूनच त्याला घेतात. उद्या त्याला हाकललंत तर ठेकेदार नांदेडचा गरजू पोरगा आणेल आणि त्याचंही हेच करेल.

खेड_तालुका
ताई, जमिनी आमच्या गेल्या. माझ्या चुलत्यांच्या शेतावर आज शेड उभी आहे आणि त्यांचा मुलगा गेटवर सिक्युरिटीत आहे. लाइनवर सुपरवायझर बाहेरचा, माणसं त्याच्या गावची. जागा निघाली हे आम्हाला कळतच नाही. नुसता शासन निर्णय काय कामाचा? कायदा करा, दंड लावा.

वकील_पुणे
हरियाणाने केला होता. महिना ३० हजारांपर्यंत पगाराच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक. नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. २०२४ मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने असंच विधेयक मंजूर केलं आणि ओरड होताच थांबवलं. बंगळुरात आपली किती मुलं आहेत? बीडच्या ऊसतोडीच्या टोळ्या कर्नाटकात जातात. तिकडचं दार लागलं तर काय करणार?

खेड_तालुका
सवलत घेताना कंपनी अट मान्य करते. अट मोडली तर सवलत परत घ्या. त्याला नवा कायदा कशाला हवा?

वकील_पुणे
हा मुद्दा मान्य. फक्त कंत्राटी माणसंही मोजायला लावा, नाहीतर कायम कामगारांचा आकडा दाखवून मोकळे होतील.

किराणा_भोसरी
दुकानाचं कोणी बोलेना. परदेशी मालकीच्या ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपनीला साबणासारखा माल स्वतःच्या साठ्यातून थेट गिऱ्हाइकाला विकायची परवानगी नाही, हा केंद्राचाच नियम. तरी डीलर मला ज्या भावात साबण देतो, त्याहून कमी भावात तो ॲपवर गिऱ्हाइकाला मिळतो. मी काय खाऊ?

रावेतची_आई
मी रात्री नऊला घरी पोचते, दुकान बंद झालेलं असतं. बाळाचं दूध ॲपवरूनच मागवते. मला यात गुन्हेगार ठरवू नका.

चाकणचा_फिटर
स्मिताताई, खोली ठेकेदाराची असते हे मला माहीत नव्हतं. असाच एक बाहेरचा मुलगा चार महिने माझ्या शेजारच्या मशीनवर होता, मी कधी विचारलं नाही. ८० टक्क्यांची मागणी मी सोडणार नाही. सोमवारी जिल्हा उद्योग केंद्रात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकतोय: सवलती कोणी घेतल्या, स्थानिक किती, कंत्राटी धरून. खेडवाले, तुम्हीही टाका.
आणि काल पप्पांसोबत वही काढून बसलो. सगळ्यात मोठी उधारी ब्रेकवर असलेल्या पोरांची निघाली. त्यात इथलेही आहेत, बाहेरचेही.