अनुभव धागा: आई-बाबा सेवेला गेले, तो आठवडा

वऱ्हाडपाखरू
शेजारच्या काका-काकूंच्या नातीचा वाढदिवस बुधवारी होता. केक कापला सोमवारी, कारण आजी-आजोबांना सोमवारीच येता येतं.

आम्ही अमेरिकेत, यूटा राज्यात सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो. शेजारी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे. दोघं निवृत्त झाले आणि सेंट जॉर्जच्या मंदिरात सेवेला गेले. इथून गाडीने साडेचार तास. ते मंदिर १८७७ सालचं, त्यांच्या चालू मंदिरांत सगळ्यात जुनं. आपण ऐकतो ते छातीला नावाची काळी पाटी लावून दारोदार फिरणारे तरुण मिशनरी, पण अशी साठी-सत्तरीची जोडपीही खूप असतात. राहण्याजेवणाचा खर्च स्वतःचा. सेवेत असेपर्यंत काका 'एल्डर' आणि काकू 'सिस्टर'. मंगळवार ते शनिवार मंदिर. रविवारी मंदिर बंद, त्या दिवशी चर्चमधली प्रार्थना. सोमवार घरच्यांचा, त्यांच्यात ती जुनी रीतच आहे. काका दाराशी बसून येणाऱ्यांची शिफारसपत्रं बघतात. पंथाबाहेरच्यांना आत सोडत नाहीत, त्यामुळे मी आतून काही पाहिलेलं नाही. काकू एवढंच म्हणाल्या, की आत सगळे नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत असतात आणि कोणी मोठ्याने बोलत नाही.

सोमवारी आम्हालाही बोलावलं होतं. नातीने विचारलं, "बुधवारी का नाही आलात?" काकूंनी तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "बुधवारी मंदिरात माझी सेवेची पाळी होती." बस, मला अकोला आठवलं.

आम्ही तीन आठवड्यांसाठी घरी गेलो होतो. मुलगा सहा वर्षांचा, आजोबांना दुसऱ्यांदाच भेटत होता. आणि नेमका त्याच वेळी आई-बाबांचा शेगावला सेवेचा नंबर लागला. किती दिवस वाट पाहत होते. मी म्हटलं, पुढच्या वेळी जा. बाबा म्हणाले, "नंबर आला तं जा लागते नं माय." मी दोन दिवस धड बोलले नाही त्यांच्याशी.

गुरुवारी आम्हीच शेगावला गेलो. बाबा चपलांच्या जागी उभे होते. ज्या माणसाने आयुष्यभर शाळेत पोरांकडून डस्टर झाडून घेतलं, तो माणूस माझ्या मुलाचे बूट दोन्ही हातांनी घेऊन म्हणाला, "या माऊली." मुलगा ओरडला, "आजोबा!" बाबा हसले, बिल्ला त्याच्या हातात दिला आणि पुढच्या माणसाच्या चपला घ्यायला वळले. रांग मोठी होती.

आता बाबा नाहीत. तुमच्या घरात असा आठवडा आला असेल तर लिहा. कुठल्याही देवाचा चालेल.

पंचवटीची_पोर
डोळ्यांत पाणी आणलंस सकाळी सकाळी. डबे भरायचेत, नंतर लिहिते.

तळेगावकर_सून
सासू-सासरे तिरुपतीला श्रीवारी सेवेला जातात. सात दिवसांची असते. सासूबाईंना भाजी चिरायचं काम मिळालं. त्या सांगतात, ढीग एवढा की समोर बसलेली बाई दिसायची नाही. सासऱ्यांना एका वर्षी परकामणीत घेतलं, म्हणजे हुंडीतले पैसे मोजणं. ते बँकेतून निवृत्त, खूष. बिनखिशाचं धोतर, अंगावर दागिना नाही, घड्याळ नाही. घरी येऊन म्हणाले, आयुष्यभर नोटा मोजल्या, पण हात जोडून पहिल्यांदाच. सात दिवसांत एकदाही फोन नाही केला त्यांनी. इकडे मी काळजीत. आठव्या दिवशी लाडू घेऊन दारात.

कोकणकडा
शेगाव म्हटलं की कचोरी. विदर्भ एक्स्प्रेस थांबली की उतरायचं आणि धावत परत चढायचं.

वऱ्हाडपाखरू
@कोकणकडा, बाबा सेवेहून परतताना दर वेळी दोन डझन आणायचे. आळीतल्या प्रत्येक घरी दोन.

कोकणकडा
दोन डझन आणि आळी केवढी?

वऱ्हाडपाखरू
बारा घरं. स्वतःसाठी कधीच उरायची नाही. आई ओरडायची.

सायंतारा
शेगावचा नंबर कसा लावायचा? आईला खूप वर्षांपासून जायचंय. गुडघे दुखतात, पण बसून करायचं काही असेल तर करेल.

वऱ्हाडपाखरू
@सायंतारा ताई, बाबा गावातल्या मंडळींबरोबर जायचे, त्यामुळे आताची पद्धत मला नेमकी सांगता येणार नाही. संस्थानच्या कार्यालयात थेट विचारा. गुडघ्यांचं आधीच सांगा.

निळीशाई
मला थोडं वेगळं लिहायचंय. कोणाला दुखवायचं नाही.

माझी मुलगी दोन महिन्यांची असताना सासू-सासरे एका मठात महिनाभर सेवेला गेले. मठाचं नाव नको. नवरा फिरतीवर. मुलीला ताप आला, रात्री एकटी रिक्षा शोधत दवाखान्यात गेले. सासूबाई परत आल्या त्या प्रसन्न चेहऱ्याने, सगळ्यांना प्रसाद वाटला. मी घेतला नाही. आज मुलगी अकरा वर्षांची आहे आणि मला ती रात्र अजून जशीच्या तशी आठवते. ज्यांच्या वाट्याला बुधवारऐवजी सोमवार तरी आला, ते भाग्यवान.

तळेगावकर_सून
@निळीशाई, अगं. जवळ असतीस तर मिठीच मारली असती.

पंचवटीची_पोर
@निळीशाई, प्रसाद घेतला नाहीस ते बरोबर केलंस. नंतर बोललात का कधी त्यावर?

निळीशाई
एकदा. सासूबाई म्हणाल्या, "मी देवाकडे तुमच्यासाठीच मागत होते." त्या खरंच मागत असणार, ते मला माहीत आहे. म्हणूनच भांडता आलं नाही.

वऱ्हाडपाखरू
@निळीशाई, लिहिलंत ते बरं झालं. हेही याच धाग्यातलं आहे.

सीनेकाठी
आम्ही नगरचे ख्रिस्ती, आता अहिल्यानगर म्हणायचं. माझे आजी-आजोबा दोघंही शिक्षक. निवृत्त झाल्यावर दर वर्षी काही दिवस दौंडजवळच्या केडगावच्या मुक्ती मिशनला जायचे, पंडिता रमाबाईंनी उभं केलेलं. आजी मुलींना शिवण शिकवायची, आजोबा हिशेबाच्या वह्या बघायचे. आम्हा नातवंडांना वाटायचं, आजीला तिथे दुसऱ्या नाती आहेत. हेवा वाटायचा. आजी वारली तेव्हा तिथून दोघी बाया आल्या होत्या, पन्नाशीच्या. आईला म्हणाल्या, आमचे पहिले झगे तुमच्या आईनेच बेतले होते. आईला हे काहीच माहीत नव्हतं.

पंचवटीची_पोर
आले. डबे गेले.

@वऱ्हाडपाखरू, तुझे शेजारी मंदिरात नेमकं करतात काय? माझ्या वाचनात आलंय की मॉर्मन लोक पूर्वजांची नावं शोधून त्यांच्या वतीने मंदिरात बाप्तिस्मा घेतात. म्हणून तर वंशावळीचं एवढं मोठं काम त्यांनी केलं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही मायक्रोफिल्म केली आहे त्यांनी.

आमच्याकडे नाशकात तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या असतात. गावाचं आणि कुळाचं नाव सांगितलं की पान उघडतं. माझ्या आजोबांच्या अस्थी घेऊन आलो तेव्हा गुरुजींनी वही काढली, तर त्यात आजोबांची स्वतःची सही. त्यांच्या वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते तेव्हाची. मोडी वळणाची. बाबांनी त्याखाली सही केली आणि मग त्यांना उभं राहवेना.

वऱ्हाडपाखरू
@पंचवटीची_पोर, हो, तेच. काकू पूर्वजांच्या नावाचं कार्ड घेऊन मंदिरात जातात. त्यांची खापरपणजी डेन्मार्कहून आलेली. तिचं नाव मिळालं त्या दिवशी मला खिडकीतून हाका मारून बोलावलं होतं. मी त्यांना सर्वपित्री अमावास्या सांगितली. त्यांनी विचारलं, ज्यांची नावं माहीत नाहीत त्यांचं काय? म्हटलं, त्यांचाही घास काढतो. त्या बराच वेळ गप्प होत्या.

नामावळीतल्या सहीचं वाचून काटा आला अंगावर.

इंदिरानगर_बंगळूर
इकडे बंगळूरमध्येही यांचं मंदिर ठरलंय, भारतातलं पहिलं. २०१८ साली जाहीर झालं, २०२० च्या डिसेंबरात भूमिपूजन. आमच्या ऑफिसातला एक सहकारी त्या पंथाचा, तेलुगू. त्याचे आई-वडील आतापासून म्हणतायत, आम्ही सेवेला जाणार. तो म्हणतो, मग माझी पोरं कोण सांभाळणार? सगळीकडे तेच बघा.

कोकणकडा
यूटामध्ये कृष्णाचं देऊळ आहे ना मोठं? होळीचे फोटो पाहिलेत.

वऱ्हाडपाखरू
@कोकणकडा, स्पॅनिश फोर्कला. रंग खेळायला येणारे बहुतेक मॉर्मन कॉलेजची मुलं. आम्ही गणपतीला मात्र साउथ जॉर्डनच्या देवळात जातो. मोदकांची पाळी लावतात. यंदा माझ्याकडे ५१.

तळेगावकर_सून
५१ उकडीचे?? पीठ तिथे मिळतं?

वऱ्हाडपाखरू
मिळतं, पण चिरा पडतात. थोडं दूध घालून उकड काढते.

देवराई
माझे मामा-मामी. मूलबाळ नाही. मामा वीज मंडळातून निवृत्त झाले आणि विवेकानंद केंद्रात वानप्रस्थी म्हणून गेले. केंद्र उभं करणारे एकनाथजी रानडे आपल्या अमरावतीकडचे, टिमटाळ्याचे, त्यामुळे मामांना त्यांचं फार. आधी कन्याकुमारी, मग अरुणाचलमधल्या केंद्राच्या शाळेत. मामी तिथल्या वसतिगृहात पोळ्या करायला शिकवायची आणि त्यांच्याकडून बांबूच्या कोंबाची भाजी शिकली. दिवाळीला पुण्यात यायचे, एकच आठवडा. त्या आठवड्यात सगळी भाचरं मामीभोवती. ती प्रत्येकाला जवळ बसवून काहीतरी विचारायची आणि पुढच्या वर्षी ते तिच्या लक्षात असायचं. मला पंधराव्या वर्षी विचारलं होतं, "रात्री झोप लागते का नीट?" घरात कोणीच विचारलं नव्हतं.

निळीशाई
@देवराई, मामी आहेत का अजून?

देवराई
आहेत. ८१. आता माझ्याकडेच असतात. मी नीट झोपते का ते अजूनही विचारतात.

सायंतारा
कार्यालयात फोन केला. आईला सांगितलं, चौकशी केली आहे. तिने लगेच पांढरी साडी बाहेर काढली आणि इस्त्रीला पाठवली. म्हटलं, अगं, अजून नंबर कुठे लागलाय? म्हणाली, लागला आणि साडी चुरगळलेली असली तर?

वऱ्हाडपाखरू
@सायंतारा ताई, आईंचा नंबर लागला की कळवा. माझी आई अजून अकोल्यात आहे. त्या आठवड्यात तिला शेगावला भेटायला पाठवीन.