हॅमॉकमध्ये पाठ का गारठते, आणि गोधडी आत अंथरून काही होत नाही

जानापावचा_वाटसरू

परवा इंदूरच्या आपल्या भटक्या मंडळींमध्ये एक पोस्ट फिरली. मजकूर थोडक्यात असा: "हॅमॉक म्हणजे झोळी. दोनशेची झोळी, घरची गोधडी आणि हिंमत, एवढ्यावर डिसेंबरातली रात्र निघते. अंडरक्विल्ट (झोळीखाली टांगायचं पांघरूण) वगैरे दुकानदारांनी काढलेली खुळं आहेत." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. मला हे वाचून राहवलं नाही, कारण कॉलेजची पोरं शनिवारी चोरलकडे निघाली आहेत आणि ती हेच वाचून सामान भरणार.

गोधडीशी माझं वैर नाही. ती कुठे घालायची हे कुणी सांगत नाही, याचा राग आहे.

गेल्या जानेवारीत जानापावच्या खालच्या अंगाला, ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर मोहाच्या दोन झाडांमध्ये झोळी बांधली. अंगात लोकरी स्वेटर, "शून्य अंश" लिहिलेली पिसांची स्लीपिंग बॅग, खाली आईची गोधडी. वारा पडलेला, आभाळ स्वच्छ. अकरापर्यंत मजेत होतो. अडीचला जाग आली ती ओल्या फरशीवर निजवल्यासारखी. छाती-पोट गरम आणि खांद्यापासून कंबरेपर्यंत पाठ नुसती गार. हात मागे घालून चाचपलं. वरच्या बाजूला बॅग चार बोटं फुगलेली होती. पाठीखाली मात्र दोन कापडं एकमेकांना चिकटलेली आणि मधली पिसं पापडासारखी सपाट. गोधडी सरकून एका कुशीला गोळा झालेली. पाच वाजेपर्यंत गुडघे पोटाशी घेऊन बसून काढले. थर्मामीटरवर सात अंश होते. सात अंशात, त्याच बॅगेत, मी तंबूत चटईवर गाढ झोपलेलो आहे.

ऊब पिसांची नसते, कापसाचीही नसते. त्यांनी धरून ठेवलेल्या हवेची असते. सत्तर किलोचा माणूस त्यावर झोपला की ती हवा निघून जाते. जमिनीवर निदान चटई आडवी येते आणि अंगाखालून वारा वाहत नाही. झोळीच्या पोटाखालून हवा सारखी फिरते आणि पाठीची ऊब घेऊन जाते. रात्र वीस अंशांच्या खाली उतरली की बहुतेकांना हे जाणवतं. आपल्या माळव्यात तर ऑक्टोबर सरतानाच जाणवायला लागतं.

म्हणून ऊब देणारा थर झोळीच्या बाहेर, खालून टांगायचा. तिथे तो अंगाखाली दबत नाही. अंडरक्विल्ट म्हणजे एवढंच. तो झोळीला अलगद टेकलेला हवा. फार ताणला तर चेपतो, सैल सोडला तर मधल्या फटीतून वारा शिरतो. झोपून झाल्यावर हात खाली घालून बघायचं, फट लागली तर दोरी आवळायची.

बॅगेवरच्या आकड्याचंही सांगतो. नीट लेबलावर तीन आकडे असतात: आरामात झोप लागेल तो, कशीबशी रात्र निघेल तो आणि फक्त जीव वाचेल तो. दुकानात मोठ्या अक्षरात बऱ्याचदा पहिला नसून त्याहून कमी आकडा दिसतो. खरेदी पहिला आकडा बघून करा. पैसे कमी असतील तर आधी पाठीखालचं, मग टार्प (झोळीवर ताणायचं छत), मग बाकीचं.

बाजेवरचा_माणूस

ती पोस्ट माझी. नाव घेऊन बोलला असतात तर बरं वाटलं असतं.

माझं आजोळ देवासकडे. आजी-आजोबा उभं आयुष्य अंगणात बाजेवर झोपले. बाजेखाली हवा नसते? तिला कुणी अंडरक्विल्ट टांगलं होतं? तुम्ही म्हणता ते बाहेरून मागवलं तर दहा-बारा हजारांच्या घरात जातं. माझ्या हाताखालच्या पोराचा महिन्याचा पगार अठरा हजार आहे. त्याला तुम्ही सांगताय की हे घे, नाहीतर डोंगरावर जाऊ नकोस. आधी बूट महाग झाले, मग पिशव्या, आता झोपणंही महाग. आम्ही पंचवीस वर्षं चादरी घेऊन फिरलो आणि जिवंत आहोत. डोंगर सगळ्यांचा आहे, हे माझं म्हणणं आहे आणि ते मी मागे घेणार नाही.

जानापावचा_वाटसरू

भाऊ, नाव घेतलं नाही ते भांडण वाढू नये म्हणून. आता विचारतोच. आजीच्या बाजेवर काय होतं? नवारीवर थेट निजायची का? माझ्या आजोळी बाजेवर कापसाची गादी असायची, उचलायला दोन माणसं लागायची अशी. तेच तिचं अंडरक्विल्ट. सपाट बाजेवर वजन सगळीकडे पसरतं, गादी दबली तरी तीन बोटं उरते. झोळीत सगळं वजन मध्ये गोळा होतं. आणि पौषात आजी अंगणात झोपायची की बाज पडवीत घ्यायची?

बाजेवरचा_माणूस

पडवीत घ्यायची. गादी होती. ठीक. पण पैशाचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

सावली

तुमचं पाठीचं चालू दे, माझं झाडांचं ऐका. पातालपाणीच्या वरच्या बाजूला मी दर वर्षी जाते. तिथे मनगटाएवढ्या सागांना नायलॉनच्या बारीक दोऱ्या करकचून बांधलेल्या असतात. गेल्या खेपेला एका खोडावर सालीत बोट जाईल एवढा खाच होता. सालीच्या आतल्या थरातून झाडाचं अन्न खाली जातं. तो थर सगळीकडून कापला गेला तर झाड वाळतं. तुम्ही दोघं इतकं लिहिलंत आणि दोर कसला हे एकानेही लिहिलं नाही.

जानापावचा_वाटसरू

बरोबर आहे ताई, राहून गेलं. मी दोन इंची पॉलिएस्टर पट्टी वापरतो. नायलॉन दवाने भिजलं की ताणतं आणि पहाटे माणूस जमिनीला टेकतो. खोड निदान मांडीएवढं जाड आणि जिवंत हवं. वाळकं झाड कितीही जाड असलं तरी नको.

आणि झोळी ताणून आडवी बांधायची नाही. दोर आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करून उतरला की ७५ किलोच्या माणसाचा प्रत्येक झाडावर सुमारे ७५ किलोच ताण येतो. पंधरा अंशांवर तो १४५ च्या आसपास जातो, दहा अंशांवर २१५. तुम्ही पाहिलेले खाच अशाच सपाट बांधलेल्या झोळ्यांचे असणार. सैल बांधून तिरपं झोपलं की पाठही सरळ राहते.

सावली

सांगितलंत हे बरं केलंत. पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. लोक तेवढीच वाचतात.

रामबागेतली_काकू

मी डोंगरावर जात नाही, लेक जातो. पण "गोधडी" म्हणून तुम्ही जे चालवलंय ते वाचून लिहायला बसले. गोधडी, रजई, दुलई, लेप यात फरक आहे की नाही? गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर आणि धावदोरा. तिच्यात फुगा नसतोच, ती दबायची काय? रजईत कापूस असतो, आणि तो पिंजलेला असतो. आमच्या गल्लीत दिवाळीनंतर पिंजारी यायचा. धनुष्यासारखं पिंजण खांद्यावर, तार छेडली की टण्‌टण्‌ आवाज घुमायचा. शेराचा गोळा झालेला कापूस तासाभरात खोलीभर व्हायचा. वाटसरू आज "हवा" म्हणून सांगताहेत ते त्याला ठाऊक होतं. आई दर दोन वर्षांनी रजई उसवून पिंजून घ्यायची. आता कुणी उसवत नाही, गाठी झाल्या की फेकतात आणि म्हणतात कापसात ऊब नाही. ऊब तुम्ही घालवलीत.

डोंगरी_जोशी

काकू, आठवण छान आहे, पण कापूस बाहेर न्यायचा नाही, हे मी मार खाऊन शिकलोय. मांडूजवळ एका थंडीत रजई नेली होती, अडीच किलोची. पहाटे दव पडलं. टार्प नव्हता, चूक माझीच. रजई वरून भिजली आणि ओल्या पोत्यासारखी अंगावर बसली. कापूस पाणी पितो आणि लवकर वाळत नाही. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब देते, कापूस देत नाही.

रामबागेतली_काकू

टार्प नव्हता आणि दोष रजईला! उघड्यावर कुठलंही पांघरूण भिजेल. तुमची ती पिसं भिजली तर काय होतं तेही सांगा की.

डोंगरी_जोशी

पिसं भिजली तर कापसापेक्षा वाईट, गोळा होऊन बसतात. हे मान्य. पण पॉलिएस्टरचा भराव झटकला की पुष्कळसा परत फुगतो. आणि अडीच किलो पाठीवर घेऊन तुम्ही चढून दाखवा, मग बोलू.

रामबागेतली_काकू

मी एकसष्ट वर्षांची आहे. मला चढून दाखवायला सांगायचं हे बोलणं झालं का? माझ्या सासूबाईंनी याच रजयांवर सहा पोरं वाढवली. एकाला कधी सर्दीचं औषध लागलं नाही.

सावली

जोशी, शब्द जपून. काकूंनी तुम्हाला काही म्हटलं नव्हतं.

डोंगरी_जोशी

चुकलं. माफ करा काकू. वजनाचा मुद्दा मात्र सोडत नाही.

बाजेवरचा_माणूस

मी सोडतो का? पिंजाऱ्याची आठवण कुणीतरी काढली याचं मला समाधान वाटलं. वडील इथल्या गिरणीत साचेखात्यात होते. घरी कापूस, सूत, कापड यावरच बोलणं चालायचं. दहा-बारा हजार बाहेर पाठवायचे आणि गल्लीतला कारागीर उपाशी, हेच मी पोस्टमध्ये म्हणत होतो. तुम्हाला त्यात फक्त गोधडी दिसली.

जानापावचा_वाटसरू

ते तुम्ही लिहिलं असतंत तर मी पहिला हात वर केला असता. तुम्ही लिहिलंत "हिंमत". सात अंशात हिंमतीने पाठ गरम होत नाही.

रात्रपाळी

तुम्ही सगळे रजईवर अडकलात. शेकोटी पेटवा. चार लाकडं, गप्पा, गराडू (इकडचा कंद) भाजा, संपली थंडी. आम्ही नेहमी झोळीच्या अगदी शेजारी पेटवतो.

सावली

अगदी शेजारी? हिवाळ्यात सागाच्या पानांचा खच पडलेला असतो, एक ठिणगी पुरते. राखीव जंगलात परवानगीशिवाय आग पेटवणं हा १९२७ च्या वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. रेंजरने पकडल्यावर गराडूचं कारण चालत नाही.

डोंगरी_जोशी

शिवाय शेकोटी एकाच बाजूला ऊब देते आणि दोनला विझते. खरी थंडी पहाटे पडते. ठिणगीने नायलॉनच्या टार्पला भोकं पडतात ती वेगळीच, माझ्या टार्पवर अकरा आहेत.

दवाखान्यातली_ताई

शेकोटीवरून एक अगदी कळकळीने. निखाऱ्यांची सिगडी तंबूत किंवा खाली ओढलेल्या टार्पच्या आत कधीही घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, डोकं दुखतं, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. मी रात्रपाळीला तीन जणांचं कुटुंब आलेलं पाहिलंय, खोली बंद करून सिगडी घेतलेली. दोघं वाचले. ऊब हवी तर चांगल्या बुचाच्या बाटलीत गरम पाणी भरा, मोज्यात घाला आणि मांड्यांच्या मध्ये ठेवा. झोपण्याआधी शेंगदाण्याचा लाडू खा, आणि लघवीला जाऊन या. लाजायचं कारण नाही, निम्मी रात्र लोक ती धरून कुडकुडत काढतात.

रात्रपाळी

सिगडीचं माहीत नव्हतं. आम्ही मागच्या वेळी टार्पखाली घेतली होती. पुन्हा नाही घेणार.

बाजेवरचा_माणूस

पैशाचं उत्तर अजून बाकी आहे. मी थांबलोय.

डोंगरी_जोशी

फोमची चटई. दुकानात मीटरवर मिळते, शेकड्यांत काम होतं. चटईचा घट्ट फोम फारसा दबत नाही म्हणून आत चालतो. त्रास दोन: रात्री सरकतो, आणि खांदे चटईच्या बाहेर पडून गारठतात. खांद्यांपाशी आडवा तुकडा चिकटवला की बरंच भागतं. दहा अंशांपर्यंत मी तसाच झोपतो. जागा मात्र नदीकाठची घेऊ नका, स्वच्छ रात्री गार हवा खोलगटात उतरून साचते. थोडं वर, उतारावर बांधा.

रामबागेतली_काकू

मागच्या महिन्यात लेकाला मी ते खालचं शिवून दिलंय, मघाशी रागात सांगायचं राहिलं. जुनी सिंगल बेडची दुलई घेतली, पॉलिएस्टर भरलेली. होय जोशी, पॉलिएस्टरची, कापसाची जड झाली असती. लांबी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत १३० सेंटीमीटर, रुंदी ११५. लांब कडांना दोन बोटांची नेफ्यासारखी पट्टी शिवली, तिच्यातून इलॅस्टिकची गोल दोरी ओवली आणि ती झोळीच्या दोन्ही टोकांना बांधली. आखूड कडांना नाडी, आवळली की फट बंद. पायाखाली फोमचा तुकडा. दोरी, नाडी, दोरा मिळून तीनशेच्या आत. लेक नऊ अंशांत झोपून आला आणि म्हणाला पाठीला घाम आला.

जानापावचा_वाटसरू

काकू, हे माझ्या विकतच्यापेक्षा नीट बसवलेलं दिसतंय. मी दुप्पट रात्री खर्च केल्या होत्या ती फट बंद करायला.

बाजेवरचा_माणूस

तीनशे म्हटल्यावर माझं भांडण उरत नाही. पोस्ट बदलतो. "हिंमत" काढून "पाठीखालून टांगलेली दुलई" घालतो, वाटसरूंची पट्टी आणि कोन घालतो, सिगडीचं सगळ्यात वर घालतो. दुकानदारांवरचं वाक्य तसंच राहील. काकू, नेफ्याला शिलाई एकेरी की दुहेरी? पोरगं शनिवारी निघतंय, बायको आज रात्री मशीन काढते आहे.

रामबागेतली_काकू

दुहेरी. आणि टोकाला, जिथे दोरी बाहेर पडते तिथे, जीन्सचा तुकडा लाव. तिथूनच फाटतं.